वाऱ्याची बाही

मी शिवण कुठे शिकले असं कुणी विचारलं की मी सांगते, शिवायला नंतर शिकले, आधी उसवायला शिकले. थट्टा नाही, खरंच. लग्न होऊन खडकीच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा सासूबाईंचं पायमशीन कोपऱ्यात धूळ खात होतं आणि शिकवणारं कुणी नव्हतं. मग ह्यांची एक जुनी पँट घेतली, ब्लेडनं एकेक टाका काढला, तुकडे फरशीवर मांडले आणि कुठला तुकडा कुठे जोडलेला होता ते बघत बसले. नंतर तीच पँट परत जोडली. ह्यांनी ती घातली, चार पावलं चालले आणि विचारलं, "यात बसायची परवानगी आहे का?"

आमचे हे असेच. फॅक्टरीत नोकरी केली, निवृत्त झाले, पण बोलणं सरळ कधी झालं नाही.

आता बसायचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुढे इतकी वर्षं मी जे जे शिवलं, त्यातल्या बहुतेकांवर लोक बसलेच. शाळेच्या चड्ड्या, स्कूटरची सीट कव्हरं, रिक्षांच्या गाद्या, टेम्पोच्या सीटा, हापिसातल्या खुर्च्यांच्या उशा. रस्त्यानं जाताना माझं कव्हर मला लांबून ओळखू यायचं, पण बघायला कधी मिळायचं? माणूस खाली उतरला तर! तक्रार नाही हं माझी. त्या शिवणीवर पोरांची शिक्षणं झाली, क्वार्टर सोडल्यावर खडकीतच दोन खोल्या झाल्या, पुढच्या खोलीत माझी मशिनं लागली. पण आपलं काम सतत कुणाच्या तरी खाली, हे मनात कुठेतरी सलायचंच.

म्हणून वाऱ्याच्या बाहीचं काम आलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

काम आणलं माझ्या मदतनीस बाईनं. ती मूळची यवतमाळकडची, नवऱ्याबरोबर इकडे आली, वाघोलीत राहते. बस बदलून माझ्याकडे शिवायला येते. हात हलका आहे आणि जीभ त्याहून हलकी. तिचा नवरा शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर कामाला आहे. तिथे विमान चालवायला शिकवतात. गवत कापणं, पाट्या पुसणं, आगीची गाडी तयार ठेवणं, असली सगळी कामं तो करतो. एके दिवशी ही बाई पिशवीतून एक फाटकं, उन्हानं विटलेलं नारिंगी-पांढरं कापड घेऊन आली.

"काकू, हे पाहा. साहेबाले असं नवं पाहिजे. बाहेरून मागवलं तं लय दिवस लागते म्हने. आमच्या ह्यायनं सांगून टाकलं, माही बायको जिथं काम करते तिथली काकू काहीबी शिवते."

मी ते कापड फरशीवर पसरलं. पट्ट्यापट्ट्यांचं, एका तोंडाला रुंद, दुसरीकडे निमुळतं होत गेलेलं, दोन्हीकडून उघडं. त्याला विंडसॉक म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा मोजा, हे मला नंतर कळलं. पण मोजा कसला? मोजा पुढून बंद असतो. ही सरळ सरळ बाही होती. एखाद्या राक्षसाच्या शर्टाची उसवलेली बाही. मी बाहीच म्हणते, आणि आता तिथले लोकही बाहीच म्हणतात.

माप घ्यायला म्हणून मी स्वतः तिथे गेले. जायची काही गरज नव्हती, फाटकी बाही हातात होतीच. पण ती लागणार कुठे, हे मला बघायचं होतं. तिथले साहेब निवृत्त पायलट, उंच, पांढऱ्या मिशांचे, अस्सल पुणेरी. मला म्हणाले, "या आजी."

मी म्हटलं, "आजी म्हणायला मला घरी नातवंडं आहेत. आणि तुमच्या मिशा माझ्या केसांपेक्षा पांढऱ्या आहेत."

"बरं. मग आपण बाई म्हणू," साहेब म्हणाले, आणि न हसता पुढे चालायला लागले.

त्यांनी मला सगळं दाखवलं. धावपट्टीच्या एका टोकाला पांढऱ्या रंगात मोठा आकडा रंगवलेला, दुसऱ्या टोकाला वेगळाच आकडा. मी विचारलं, एकाच रस्त्याला दोन नंबर कसे? तर म्हणाले, विमान कुठल्या दिशेला तोंड करून उतरतं त्यावर नंबर. या बाजूनं आलात तर हा, त्या बाजूनं आलात तर तो. कडेला पिवळ्या पाट्या होत्या, वाट दाखवणाऱ्या, आणि धावपट्टीच्या तोंडाशी एक लाल पाटी. तिचा अर्थ, विचारल्याशिवाय पुढे यायचं नाही. ना कुणाला टोमणा, ना उपदेश. पुण्यात राहून अशी गुपचूप उभी असलेली पाटी मी पहिल्यांदाच पाहिली.

"आणि कुठल्या बाजूनं उतरायचं हे कोण ठरवतं?" मी विचारलं.

साहेबांनी वर बोट केलं. उंच खांबावर लोखंडी कडं होतं, वाऱ्याबरोबर गरगर फिरणारं, आणि त्याला एक बाही लोंबत होती, माझ्या पिशवीतल्या बाहीपेक्षा जरा बरी, पण तीही चिंध्या होत चाललेली.

"विमान नेहमी वाऱ्याला सामोरं उतरवायचं. वारा मागून आला तर ते लवकर थांबत नाही. आत खोलीत यंत्र आहे, ते वाऱ्याचा आकडा सांगतं, रेडिओवरून आम्ही तो वर कळवतो. पण अगदी खाली येताना पायलट एकदा या कापडाकडे बघतोच. मीही इतकी वर्षं बघत आलो."

मी मान वर करून त्या खांबाकडे बघत राहिले. मनात आलं, इथे माझं कापड लागणार. ज्यावर कुणी बसणार नाही. ज्याकडे लोक आकाशातून बघणार. बाई गं! मला ते इतकं हवंसं वाटलं, की घरी येईपर्यंत मी मदतनीस बाईशी एक शब्द बोलले नाही, आणि मी गप्प बसले म्हणजे काय ते तिला माहीत आहे. तिनं दोनदा विचारलं, "तब्येत बरी हाये ना काकू?"

रविवार पेठेतून छत्रीच्या कापडासारखं पातळ, चिवट नायलॉन आणलं, नारिंगी आणि पांढरं. आणि मी माझं सगळं कसब त्यात ओतलं. जुनी बाही एकपदरी होती, म्हटलं हा तर कंजूषपणा. तोंडापासून अर्ध्यापर्यंत अस्तर लावलं. प्रत्येक जोडाला दुहेरी शिवण घातली, गाद्यांना वापरते तो जाड दोरा घेतला. शेपटाला चांगली रुंद पट्टी दुमडली. आणि आत माया ठेवली. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. मूल वाढलं, कुणाचं अंग सुटलं, की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. गणवेश शिवून घेणाऱ्या आया पहिला प्रश्न हाच विचारतात, माया ठेवलीत ना? मी कायम चार बोटं ठेवते. खडकीत त्याबद्दलच माझं नाव आहे. माझी शिवण उसवत नाही, आधी कापड जातं, आणि माझा कपडा दोन भावंडांना पुरतो.

बाही तयार झाली तेव्हा इतकी देखणी दिसत होती म्हणून सांगू. मदतनीस बाई म्हणाली, "याच्यात एखादा हत्ती घातला तरी फाटनार नाही."

घेऊन गेलो. तिच्या नवऱ्यानं शिडी लावली, जुनी उतरवली, माझी कड्याला बांधली. आम्ही सगळे खाली उभे. सकाळची वेळ, ऊन कोवळं. बाही कड्याला लागली आणि तशीच लोंबली. धुऊन पिळून टांगलेल्या गोधडीसारखी.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, शिवलंय फार सुंदर. फक्त हलत नाही."

"वाराच नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी वाकून वाळलेल्या गवताची चिमूट उचलली, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडली. गवत सरळ खाली पडलं नाही. तिरकं जाऊन लांब पडलं, टेकडीच्या दिशेला. त्यांनी पुन्हा चिमूट सोडली. पुन्हा तसंच.

"वारा आहे. कापडाला त्याचा पत्ता नाही."

मी वर पाहिलं. माझी बाही आपली ढिम्म.

"जोराचा वारा पायलटला विमानातच कळतो," साहेब समजावून सांगत होते, आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मंद वारा कळत नाही. म्हणून हिनं मंद वाऱ्यात बोललं पाहिजे. वारा असताना ही लोंबत राहिली तर बघणाऱ्याला वाटेल वारा नाही. यापेक्षा खांब रिकामा बरा." मग त्यांनी मदतनीस बाईच्या नवऱ्याला सांगितलं, "जुनीच लाव परत. मी बाहेरून मागवतो."

तो बिचारा शिडीवर चढला. आमचं नाव त्यानंच पुढे केलं होतं ना. उतरताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि बायकोकडे तर नाहीच नाही.

मी साहेबांना म्हटलं, "मागवायच्या आधी मला एकदा परत शिवू द्या."

"शनिवारी दुपारी मी इथे आहे," ते म्हणाले. एवढंच.

घरी आले तर हे पेपर वाचत होते.

"काय म्हणाले विमानवाले?"

"जड झाली म्हणाले."

"अस्तर लावलंस?"

"लावलं."

"खिसा?"

मी स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाक केला, वाढलं. खोटं कशाला सांगू, मला साहेबांचाच राग आला होता. इतकी वर्षं लोक म्हणतात शिवण मजबूत पाहिजे, आणि या माणसाला मजबूत नको! पण डोळे मिटले की ते गवत तिरकं जाताना दिसायचं. गवताला कळलं आणि माझ्या कापडाला कळलं नाही, यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मदतनीस बाई आली. आम्ही दोघींनी बाही फरशीवर घेऊन उलटी केली. तिनं आत हात घातला, शिवणींवरून फिरवला, आणि थांबली.

"काकू, एक विचारू? रागवाल नाही ना?"

"विचार."

"एवढी माया काहून ठेवली? हे काय पुढच्या साली जाड होनार हाये?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि जे हसू फुटलं आम्हाला! मला ठसका लागला. आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "कुणाला बोलवू का?" अहो, खरंच की! वाऱ्याची बाही, तिला ना दिवस जाणार, ना तिचं अंग सुटणार, ना ती पुढच्या इयत्तेत जाणार. आणि मी प्रत्येक शिवणीत चार चार बोटं कापड लपवून ठेवलं होतं, वरून अस्तर, वरून गादीचा दोरा. वारा बिचारा एवढं सगळं उचलणार कसा?

हसून झालं, पण कात्री हातात घेतल्यावर हात थांबला. माया कापायची सवयच नाही हाताला. एकदा कापली की परत जोडता येत नाही, कपडा कायमचा तेवढाच. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, कापू नका, असू द्या, लागते. मदतनीस बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तू अस्तर उसव. ही मी कापते."

कापली. बारीक कड तेवढी ठेवली. नायलॉनचे धागे सुटतात म्हणून कडा मेणबत्तीनं हलक्या हातानं डागून घेतल्या, मग एकेरी शिवण, बारीक दोरा. मनातल्या मनात मी जुन्या फाटक्या बाहीची माफीही मागितली, कारण तिला मी कंजूष म्हटलं होतं आणि ती शहाणी निघाली. तोंडाशी मात्र, जिथे दोऱ्या बांधायची भोकं असतात तिथे, मी माझी सगळी मजबुती ठेवली. तिथे ओढ बसते. तिथे हत्तीच पाहिजे.

आता बघायचं कसं, ही उठते की नाही? खोलीतला पंखा कामाचा नाही, त्याचा वारा फार. मग आम्ही गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या कपड्यांत शेजारणीची जॉर्जेटची साडी होती. जॉर्जेटला जराशी झुळूक पुरते. म्हटलं, ती साडी हलली की आपली बाही हललीच पाहिजे, नाहीतर काम अपुरं. तारेचं कडं केलं, लांब बांबूला बांधलं. आणि तो बांबू धरून उभं कोण राहणार? हे. पेपर खाली ठेवून आले, तक्रार करत आले, पण आले.

खालच्या चौकातून कुणीतरी ओरडलं, "काका, पाडवा होऊन गेला हो! गुढी उतरवा!"

"पुढच्या वर्षीची आत्ताच उभारलीय," हे वरून म्हणाले. "नंतर गर्दी होते."

साडी हलली. बाहीचं तोंड फुगलं, पहिला पट्टा उचलला गेला, पण शेपूट लोंबतच राहिलं.

"शेपटाची पट्टी," मी आणि मदतनीस बाई एकदम म्हणालो.

खाली आलो, पट्टी उसवली, तिथेही फक्त कड डागली, परत वर. या खेपेला साडी हलायच्या आधी बाही हलली. हे बांबूकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून ह्यांना शब्द सुचला नाही असे प्रसंग मी बोटांवर मोजू शकते, हा त्यातला एक.

शनिवारी हेही आमच्याबरोबर आले. "बांबू धरायला कुणी लागलं तर," म्हणाले.

दुपार कलायला आली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात या वेळेला हवा जरा घुटमळते आणि मग पश्चिमेचा वारा सुटतो. मदतनीस बाईच्या नवऱ्यानं बाही बांधली आणि शिडीवरच थांबला. हवा जवळजवळ नव्हतीच. आणि मग कडं किंचित फिरलं, बाहीचं तोंड उघडलं, पहिला नारिंगी पट्टा अलगद उचलला, थरथरला आणि तसाच राहिला.

साहेबांनी गवताची चिमूट सोडली. गवत आणि बाही एकाच दिशेला.

लहान विमान बाहेर उभं होतं, साहेब त्याच्याकडे चालू लागले.

"कुठे निघाले?" मी मदतनीस बाईच्या नवऱ्याला विचारलं.

"वरून दिसते का पाहाले. ते सोता पाह्यल्याबिगर कोनतीच वस्तू घेत नाहीत."

विमान उडालं, लहान होत होत टेकडीपलीकडे गेलं. आम्ही खांबाखाली उभे. तेवढ्यात माझ्या पदराला ओढ बसली. पश्चिमेचा वारा. मी वर पाहिलं तर बाही कड्यावर गर्रकन फिरून पार उलट्या बाजूला झाली होती, एक पट्टा, दोन पट्टे, तीन पट्टे आडवे.

विमान त्याच वेळी खाली यायला लागलं होतं, ज्या टोकापासून उडालं होतं त्याच टोकाकडून. म्हणजे वारा आता त्याच्या पाठीवर. मी मदतनीस बाईचा हात घट्ट धरला. "खोलीतून सांगतील ना त्यांना?" तर तिचा नवरा म्हणाला, "सांगतील. पन साहेब आज कापडाकडंच पाहून ऱ्हायले असतीन."

विमान आणखी खाली आलं. मग एकदम इंजिनाचा आवाज वाढला, नाक वर झालं, ते आमच्या डोक्यावरून निघून गेलं, मोठी फेरी घेतली आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, दुसऱ्या आकड्यावरून, वाऱ्याला सामोरं येऊन उतरलं. इतकं हळुवार, जसं मांडीवरचं मूल पाळण्यात ठेवावं.

मला रडू आलं. सांगायला काय हरकत आहे? मी शिवलेल्या कापडानं एका माणसाला आकाशात सांगितलं, इकडून नको, तिकडून या. आणि त्यानं ऐकलं.

साहेब उतरून आले, खांबाखाली उभे राहिले.

"दिसते," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बोलते पण."

मग मदतनीस बाईच्या नवऱ्याकडे वळून, "बाहेरचं मागवायचं रद्द करा. आणि दुसरी एक बाईंकडे सांगून ठेवा. ऊन रंग खातं, बदलावी लागेल." त्या माणसानं पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि बायकोकडे बघून असा हसला, की ती लाजून माझ्यामागे उभी राहिली.

हे तेवढ्या वेळात खांबाला एक फेरी मारून आले होते.

"चांगली आहे," म्हणाले. "पण यावर बसता येणार नाही."

तेव्हापासून तिथली बाही माझ्याकडेच होते. पुढच्या खोलीत मुली शिकायला येतात, त्यांना मी अजूनही गणवेशात चार बोटं माया ठेवायला लावते. फक्त नारिंगी कापड निघालं की सांगते, हिला नाही हं.

पहिली बाही उन्हानं पार फिकी झाल्यावर उतरवली आणि माझ्याकडे परत आली. मी ती घडी करून ट्रंकेत ठेवणार होते. हे म्हणाले, "मला दे." आणि काय करून घेतलं माहीत आहे? स्कूटरचं सीट कव्हर. माझ्याकडूनच शिवून घेतलं, घाई करून. आता मंडईत भाजीला गेलो की स्कूटर लावताना कुणी ना कुणी विचारतंच, काका, हे काय नारिंगी-पांढरं, रंग उडालेलं?

हे सीटवर थाप मारतात आणि म्हणतात, "ऊठसूट कुणाला बसू देत नाही. यावरून विमानं उतरलीत."

आणि माझ्याकडे बोट दाखवून, पिशवी घेऊन, पुढे चालू लागतात.